कुंडीतील पिवळ्या पानांचे निदान : सामू, लोह आणि पाणी यांच्या प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी

आजपासून सात कुंड्यांची नोंद ठेवण्यास सुरुवात करीत आहे. दोन गंधराज, दोन लिंबू, दोन टोमॅटो आणि एक जास्वंद अशी ही झाडे असून सातही झाडांची पाने कमीअधिक प्रमाणात पिवळी पडली आहेत. नोंदी सुरू करण्यापूर्वीच तीन आठवडे वाया गेले आहेत. पाने पिवळी म्हणजे नत्र (नायट्रोजन) कमी, असे गृहीत धरून सर्व कुंड्यांना दोन वेळा नत्रयुक्त द्रवखत दिले आणि त्यानंतर एकदा एप्सम सॉल्टही (मॅग्नेशियम सल्फेट) दिले. गंधराजाला त्यानंतर नवी पालवी भरपूर फुटली, परंतु ती आधीच्या पालवीपेक्षाही फिकट निघाली. सातही झाडांना एकच औषध देणे ही मूळ चूक होती आणि ती पुन्हा होऊ नये, हाच या नोंदींचा पहिला हेतू आहे.

१० फेब्रुवारी

आज कोणतेही खत हाती न घेता केवळ पाने पाहिली. प्रत्येक झाडाचे शेंड्याजवळचे एक, मधले एक आणि बुंध्याजवळचे एक अशी तीन पाने तोडून पांढऱ्या कागदावर क्रमाने मांडली. पिवळेपणा कोणत्या वयाच्या पानावर आहे, हे फांदीवर पाहताना कळत नाही, पण कागदावर चटकन कळते.

गंधराजाच्या शेंड्याचे पान जवळजवळ लोण्याच्या रंगाचे आहे आणि त्यावर अगदी बारीक शिरासुद्धा हिरव्या रेषांनी आखल्यासारख्या दिसतात. त्याच फांदीचे खालचे पान मात्र गडद हिरवे आणि तुकतुकीत आहे. दोन्ही लिंबांची लक्षणे अशीच आहेत. टोमॅटोचे चित्र याच्या नेमके उलट आहे, कारण तेथे शेंडा हिरवागार असून खालच्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडला आहे. जास्वंदीची पाने सगळीकडेच निस्तेज आणि बारीक ठिपक्यांची आहेत.

झाडाला जे अन्नद्रव्य जुन्या पानांतून काढून नव्या पानांकडे वळवता येते, त्याची उणीव आधी जुन्या पानांवर दिसते. नत्र, पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही त्यातली. लोह असे वळवता येत नाही, म्हणून त्याची उणीव शेंड्यावर दिसते. या एका निकषावर गंधराज व लिंबू यांचा संशय लोहाकडे आणि टोमॅटोचा मॅग्नेशियमकडे गेला. नत्राची उणीव असती तर जुने पान शिरांसकट एकसारखे पिवळे झाले असते आणि तसे पान एकाही झाडावर सापडले नाही, म्हणजे द्रवखताचे दोन्ही हप्ते निष्कारण दिले गेले.

जास्वंदीचा प्रश्न आजच सुटला. फांदीखाली कागद धरून पानांवर टिचकी मारली असता मिठाच्या कणाएवढे ठिपके कागदावर पडले आणि क्षणभराने चालू लागले. ही कोळ्यांची कीड आहे. पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतली. दर तीन दिवसांनी पुन्हा धुणार आहे.

१३ फेब्रुवारी

मातीत खुपसण्याचा, दोन धातूच्या काड्यांचा मीटर आणला होता. त्याने सातही कुंड्यांचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; ७ च्या खाली माती आम्ल, वर अल्कली) ७ दाखवला. सर्व कुंड्यांत सारखाच आकडा येतो याचा संशय आल्यामुळे वाटीभर माती व्हिनेगरने भिजवून तीत तो खुपसला, तरी काटा ७ वरून फारसा हलला नाही. मीटर बाजूला ठेवला. या मीटरवर विसंबून पुढे गेलो असतो तर 'सामू ठीक आहे' असे समजून पुन्हा खतांकडेच वळलो असतो.

२० फेब्रुवारी

काचेच्या टोकाचा पेनसारखा सामू-मीटर आला. उत्साहाच्या भरात तो बफर द्रावणात (ज्याचा सामू आधीच ठाऊक असतो अशा द्रावणात) न जुळवता थेट वापरला आणि गंधराजाच्या मातीचा सामू ६.६ आला. तासाभराने ७.०० च्या बफरमध्ये बुडवल्यावर मीटर ५.६ दाखवत होता, म्हणजे मोजमाप सुमारे दीड अंकाने खाली होते. सामूचा एक अंक म्हणजे आम्लतेत दहा पटींचा फरक असल्यामुळे ही चूक किरकोळ नव्हती.

नंतर ७.०० आणि ४.०१ या दोन बफरांवर मीटर जुळवला. येथेही थोडे चुकलेच. माती ७ च्या वरची निघत असेल तर दुसरा बफर वरच्या बाजूचा, म्हणजे ९.१८ किंवा १०.०१ चा हवा. तो मिळाल्यावर सर्व मोजमापे पुन्हा केली. जो हे काम नव्याने सुरू करणार आहे, त्याने तिन्ही बफर एकदमच आणावेत.

मोजण्याची पद्धत आता ठरली आहे. कुंडीच्या मध्यभागातून, वरचा दोन बोटांचा थर बाजूला सारून माती घ्यायची, सावलीत वाळवून चाळायची, २० ग्रॅम मातीत ५० मिली डिस्टिल्ड पाणी घालायचे, अर्ध्या तासात चार-पाच वेळा ढवळायचे आणि मग मीटर बुडवायचा. नळाचे पाणी वापरले तर त्यातल्या क्षारांमुळे मातीचा सामू चुकीचा येऊ शकतो. मीटरचे टोक डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायचे नाही, कारण त्याने ते लवकर निकामी होते. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचे साठवण-द्रावण वेगळे मिळते.

आकडे असे आले : दोन्ही गंधराज ८.१, लिंबू क्रमांक १ चा ७.९, लिंबू क्रमांक २ चा ७.८, टोमॅटो ६.७ आणि ६.८. टोमॅटोची माती पिशवीतील तयार मिश्रणाची आहे. बाकीच्या कुंड्यांत अंगणातली माती भरली होती. गंधराजाला ५ ते ६ च्या आसपासचा सामू मानवतो, तेव्हा ८.१ मध्ये ते झाड जगले हेच विशेष.

२३ फेब्रुवारी

अंगणातल्या कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकले. माती लगेच फसफसली आणि कान जवळ नेल्यावर बारीक चुरचुर ऐकू आली. मातीत मुक्त चुना (कॅल्शियम कार्बोनेट) आहे, याची ही साधी खूण होय.

एक किलो माती रिकाम्या डब्यात घेऊन तीत १०० मिली व्हिनेगर पाण्यात मिसळून ओतले. तासाभराने सामू ६.८ भरला. झाडावर हा प्रयोग करण्यापूर्वी आठवडाभर डबा तसाच ठेवणार आहे.

२४ फेब्रुवारी

पिवळेपणा लोहामुळेच आहे का, हे पाहण्यासाठी कुंचल्याची चाचणी केली. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) आणि चिमूटभर लिंबाम्ल (सायट्रिक आम्ल) विरघळवून, गंधराज क्रमांक १ च्या दोन पिवळ्या पानांच्या केवळ डाव्या अर्ध्या भागावर ते द्रावण कुंचल्याने लावले. उजवा अर्धा भाग तुलनेसाठी कोरा ठेवला आणि देठाला दोरा बांधला.

एवढ्यावर थांबायला हवे होते. धीर न राहिल्याने त्याच झाडाच्या मातीत एक लिटर हिराकसचे पाणी ओतले आणि लिंबू क्रमांक १ वर भर दुपारी फवारणीही केली. फवारणीचे द्रावण चमच्याने मापले होते. नंतर तोच चमचा वजनकाट्यावर ठेवला तेव्हा ५ ऐवजी ९ ग्रॅम हिराकस भरली.

१ मार्च

लिंबाच्या कोवळ्या पानांवर करपल्याचे तपकिरी डाग पडले असून अकरा पाने गळाली. दुप्पट मात्रा आणि दुपारचे ऊन ही दोन्ही कारणे माझ्याच हातची आहेत. वजनकाट्याशिवाय यापुढे काहीही विरघळवणार नाही आणि फवारणी संध्याकाळीच करीन.

व्हिनेगर घातलेल्या डब्यातील मातीचा सामू पुन्हा ७.९ वर आला. मातीतला चुना आम्ल खाऊन टाकतो आणि व्हिनेगरमुळे बनलेले क्षारही सूक्ष्मजीव पचवून पुन्हा बायकार्बोनेटच्या रूपात सोडतात, त्यामुळे उतरलेला सामू टिकत नाही. झाडाला व्हिनेगर पाजण्याचा विचार येथेच सोडून दिला.

४ मार्च

दोरा बांधलेली दोन्ही पाने आज प्रकाशासमोर धरली. डावा अर्धा भाग हिरवा झाला आहे. तो रंग एकसारखा नसून कुंचल्याच्या फटकाऱ्यांप्रमाणे पट्ट्यापट्ट्यांचा आहे, आणि मधल्या शिरेपाशी तो एखाद्या रेषेवर थांबावा तसा थांबतो. उजवा अर्धा भाग पूर्वीइतकाच फिकट आहे. पुस्तकातील चित्रांशी पाने ताडून पाहण्यात गेलेल्या कित्येक तासांपेक्षा या एका पानाने अधिक खात्री दिली. हीच चाचणी जस्त किंवा मँगनीजचा संशय असतानाही करता येते. द्रावण सौम्य असावे आणि पान कोवळे असावे, एवढीच काळजी घ्यावी लागते.

मातीत ओतलेल्या हिराकसचा मात्र काहीही परिणाम दिसत नाही. वरचा थर नखाने खरवडला तेव्हा खाली गंजाच्या रंगाची पातळ खपली निघाली. चुनखडीच्या मातीत हिराकसमधले लोह हवेशी संयोग पावून गंजासारखे न विरघळणारे होते आणि मुळांना त्याचा उपयोग राहत नाही. लोह कुंडीत आहे, पण कुलुपात आहे.

१२ मार्च

मातीचा नमुना प्रयोगशाळेत दिला होता, त्याचा अहवाल आला. सामू ८.२, मुक्त चुना ६ टक्के, उपलब्ध लोह ५.२ पीपीएम (दशलक्षात भाग), आणि उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) अत्यधिक. लोहाची ४.५ पीपीएम ही नेहमी वापरली जाणारी मर्यादा लक्षात घेतली तर लोह कमी नाही. स्फुरदाचे कारण मला ठाऊक आहे, कारण फुलांसाठी म्हणून गेली दोन वर्षे स्फुरदयुक्त खत महिन्यातून एकदा देत आलो आहे. जादा स्फुरद लोह आणि जस्त यांच्या शोषणात अडथळा आणते. ते खत आजपासून बंद केले. प्रयोगशाळेची फी ही आतापर्यंत अंदाजाने आणलेल्या खतांच्या एकत्रित खर्चापेक्षा कमी होती, तेव्हा हा अहवाल पहिल्याच दिवशी मागवायला हवा होता.

१४ मार्च

मातीत गंधक मिसळून सामू उतरवण्याचा हिशेब केला. मातीतले जिवाणू गंधकाचे गंधकाम्ल करतात आणि ३२ ग्रॅम गंधकापासून बनलेले आम्ल १०० ग्रॅम चुना संपवते. माझ्या कुंडीत सुमारे १२ किलो माती आहे, म्हणजे ६ टक्क्यांप्रमाणे ७२० ग्रॅम चुना, आणि तो संपवण्यासाठी सुमारे २३० ग्रॅम गंधक लागेल. त्यानंतर कुठे सामू खऱ्या अर्थाने उतरू लागेल. एवढे गंधक एका कुंडीत घातले तर क्षार साचून मुळांना इजा होईल. ज्यांच्या मातीत मुक्त चुना नाही, त्यांना थोड्या गंधकाने चांगला गुण येतो, म्हणून आधी व्हिनेगरचा थेंब टाकून पाहावा.

तरीही प्रत्यक्ष पाहावे म्हणून गंधराज क्रमांक २ मध्ये २० ग्रॅम गंधकाची भुकटी वरच्या थरात मिसळली. गंधराज क्रमांक १ ची माती बदलणार आहे. त्यामुळे दोन्हींची तुलना होईल.

१८ मार्च

मनात एक प्रश्न राहिला होता. पिशवीतल्या मिश्रणात लावलेल्या टोमॅटोचा सामूही हळूहळू वर का सरकत आहे? पिशवी उघडली तेव्हा तिच्यावर ६.० छापलेले होते आणि तीन महिन्यांत तो ६.८ झाला. मातीत चुना नसताना तो वर जात असेल तर कारण पाण्यात असले पाहिजे.

मासे पाळणाऱ्यांकडे पाण्याची कार्बोनेट कठीणता मोजण्याचा थेंबांचा संच असतो, तोच वापरला. पाच मिली पाण्यात एकेक थेंब टाकत जायचे आणि निळा रंग पिवळा होईपर्यंत थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे सुमारे १७.९ मिलिग्रॅम प्रति लिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने. नळाच्या पाण्याला पंधरा थेंब लागले, म्हणजे जवळपास २७० मिलिग्रॅम प्रति लिटर. दररोज दोन लिटर पाणी घातले तर त्यातून रोज अर्धा ग्रॅमहून अधिक चुना कुंडीत जातो आणि वर्षभरात तो दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. निचऱ्यावाटे काही भाग वाहून जात असला, तरी कुंडीच्या कडेला दिसणारी पांढरी खरपुडी याच पाण्याने आणली आहे. पाण्याचा नुसता सामू मोजला असता तर हे कळले नसते, तो ७.६ आहे आणि तेवढ्याने कोणी सावध होत नाही.

आरओ यंत्राच्या पाण्याला एकाच थेंबात रंग आला. तीन भाग आरओ आणि एक भाग नळाचे पाणी मिसळल्यावर पाचव्या थेंबाला रंग बदलला, म्हणजे ८० ते ९० मिलिग्रॅम. गंधराज आणि लिंबू यांना यापुढे हेच पाणी देणार आहे. पाण्यात लिंबाम्ल घालण्याचा पर्यायही विचारात घेतला होता. परंतु व्हिनेगरप्रमाणे तेही सूक्ष्मजीव पचवतात, म्हणून कायमचा उपाय म्हणून त्यावर भरवसा ठेवला नाही.

२५ मार्च

नव्या मिश्रणाचा पहिला घाणा फसला. धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पानकुजीचे खत, पर्लाइट (हलके, सच्छिद्र खनिज दाणे) आणि गांडूळखत चारही समान भागांनी घेतले होते. मोजले तेव्हा सामू ७.१ आला, कारण गांडूळखताचाच सामू ७.८ होता. दुसऱ्या घाण्यात कोकोपीट चार भाग, पानकुजीचे खत तीन, पर्लाइट दोन आणि गांडूळखत एक असे प्रमाण घेतले आणि सामू ६.१ भरला. हे मिश्रण पाणी फार शोषते, म्हणून ते वजनाने न मोजता एक भाग मिश्रणाला दोन भाग डिस्टिल्ड पाणी असे मापाने मोजले.

गंधराज क्रमांक १ ची माती काढली. मुळांना चिकटलेली जुनी माती बादलीतल्या पाण्यात हलकेच सोडवली, पण एक तृतीयांश गोळा तसाच राखला, कारण सगळीच मुळे उघडी केली तर झाड धक्का खाते. पांढरी मुळी भरपूर आहे.

लिंबू क्रमांक २ ची कुंडी उलटी केली तेव्हा निदान बदलावे लागले. तळाचे छिद्र एका चपट्या दगडाने बंद झाले होते, खालची माती काळपट होती आणि तिला कुबट वास येत होता. मुळे तपकिरी असून बोटांत धरून ओढली की वरची साल सरकून आत दोऱ्यासारखा गाभा उरत होता. मातीला वाफसाच येत नसेल तर गुदमरलेली मुळे लोह घेऊ शकत नाहीत आणि शेंडा अगदी तसाच पिवळा दिसतो. पानावरून लोहाची उणीव ओळखली हे बरोबर होते, परंतु या झाडाच्या बाबतीत सामू हे दुय्यम कारण होते. कुंडी पहिल्याच दिवशी उलटी करून पाहिली असती तर या झाडाचे सहा आठवडे वाचले असते. सडलेली मुळे कापली, वरच्या फांद्याही तेवढ्याच छाटल्या आणि नव्या मिश्रणात लावले.

२८ मार्च

लिंबू क्रमांक १ मोठे आहे, त्याची माती बदलणे शक्य नाही. त्याला चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूत (चिलेटमध्ये) धरून ठेवल्यामुळे विरघळलेले राहणारे लोह, देण्याचे ठरवले. घरात असलेल्या पाकिटावर बारीक अक्षरांत ईडीटीए लिहिलेले होते. हे चिलेट साडेसहाच्या वरच्या सामूत लोह सोडून देते, म्हणून ७.९ च्या मातीत ते उपयोगाचे नाही. डीटीपीए साधारण सातच्या किंचित वरपर्यंत चालते. चुनखडीच्या मातीत टिकणारे चिलेट ईडीडीएचए होय. ते महाग असते, पण येथे दुसरा मार्ग नाही. त्याचे द्रावण गडद लाल होते. पाकिटावरील मात्रेच्या निम्मे, ओल्या मातीत, संध्याकाळी दिले.

२ एप्रिल

टोमॅटोकडे दुर्लक्ष झाले होते. कुंडीला पाणी देऊन अर्ध्या तासाने वरून थोडे डिस्टिल्ड पाणी ओतले आणि खालून आलेले पहिले ५० मिली पाणी मोजले. विद्युत वाहकता ३.८ मिलिसीमेन्स प्रति सेंमी आली, म्हणजे खतांचे क्षार साचले आहेत. फळधारणेसाठी पालाशयुक्त खत दर आठवड्याला देत होतो आणि जादा पालाश मॅग्नेशियमचे शोषण रोखते. मॅग्नेशियम घालण्याआधी पालाश कमी करणे आवश्यक होते. पहिल्या वेळचे एप्सम सॉल्ट म्हणूनच लागू पडले नाही. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश घालून क्षार धुऊन काढले, वाहकता १.६ वर आली. संध्याकाळी लिटरला १० ग्रॅम एप्सम सॉल्टची फवारणी केली, आठवड्याने पुन्हा करणार आहे.

तीन टोमॅटोंचे बूड काळे पडून खोलगट झाले आहे. कॅल्शियमची उणीव म्हणून पूर्वी अंड्यांची टरफले कुटून घातली होती. ती मातीत जशीच्या तशी सापडली. कॅल्शियम पाण्याबरोबर फळापर्यंत पोहोचते आणि माझे पाणी देणेच अनियमित होते. मातीवर वाळल्या पानांचे आच्छादन घातले आणि पाण्याची वेळ ठरवली.

१७ एप्रिल

लिंबू क्रमांक १ ची नवी पालवी हिरवी निघाली आहे. चिलेट देऊन वीस दिवस झाले. करपलेली पाने तशीच आहेत आणि ती तशीच राहतील. सुधारणा मोजायची ती नव्या पानांवर. गंधराज क्रमांक १ दोन आठवडे मलूल होता, आता शेंड्याला पोपटी पाने आली आहेत.

२५ एप्रिल

गंधकाला सहा आठवडे झाले. गंधराज क्रमांक २ चा सामू ८.१ वरून ७.९ झाला. पाने अजून पिवळीच आहेत. हिशेबाने जे आधीच सांगितले होते, तेच घडले. या झाडाचीही माती आज बदलली. पांढरी मुळी पहिल्या झाडापेक्षा निम्मीही नव्हती, आणि प्रयोगासाठी हे झाड सहा आठवडे अडवून ठेवल्याची रुखरुख लागून राहिली आहे.

२४ मे

गंधराज क्रमांक १ च्या मिश्रणाचा सामू ६.२ आहे, दोन महिन्यांत ०.१ चा फरक. पहिली कळी धरली आहे. गंधराज क्रमांक २ मध्ये शेंड्याची चार पाने हिरवी आहेत, त्यांखालची पिवळी. टोमॅटोची नवी पाने स्वच्छ आहेत, मागील दोन तोड्यांत एकही काळ्या बुडाचे फळ निघाले नाही. जास्वंदीच्या कागदावर आज एकही ठिपका पडला नाही.

लिंबू क्रमांक २ वाचले नाही. छाटलेल्या फांद्यांवर एप्रिलच्या मध्यात दोन फुटवे आले होते आणि आशा वाटली होती, परंतु ते मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाळले. आज खोड खरवडून पाहिले, साल खालपर्यंत कोरडी आहे.

आरओचे पाणी दररोज सहा लिटर लागते. एवढे पाणी काढताना यंत्रातून बरेच पाणी वाया जाते, ते साफसफाईला वापरत आहे. पावसाचे पाणी साठवण्यासाठी पिंप घेतले आहे. छपरावरचे पहिले पाणी सोडून देऊन नंतरचे भरायचे आणि वापरण्यापूर्वी त्याचेही थेंब मोजायचे आहेत. ईडीडीएचएची पुढची मात्रा लिंबू क्रमांक १ ला जूनच्या अखेरीस देईन, तीही नवे पान फिकट दिसले तरच.